गाळलेला उत्तरार्ध

निर्जीव रसायनांतून पृथ्वीवर जीव कसा उद्भवला असेल, हा विषय मी दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राममधल्या शाळांत आणि क्लासांत वर्षानुवर्षं शिकवत आले. त्यातलं बरंचसं चुकीचं शिकवलं. माझं ज्ञान अपुरं होतं हे खरंच. पण अपुरं ज्ञान असलेला माणूस निदान बिचकत बोलतो. मी ठासून बोलत होते. आज या चुका सांगायला संकोच वाटत नाही, कारण नीट पाहिल्यावर त्या सगळ्या एकाच जातीच्या निघाल्या. विज्ञान शिकवणाऱ्या इतरांकडेही ही जात आढळेल, अशी मला दाट शंका आहे.

पहिली चूक सोहन्याची. गुरुग्रामहून अलवरच्या रस्त्याला लागलं की अरवलीच्या पायथ्याशी सोहना येतं. गावात गंधकाच्या गरम पाण्याचं कुंड आहे, शेजारी शिवाचं देऊळ. त्वचेचे विकार बरे होतात म्हणून लोक तिथे आंघोळीला येतात. नववीच्या मुलांची सहल मी हट्टाने तिथे नेली. सडक्या अंड्यांचा वास, नाकाला रुमाल लावून खिदळणारी पोरं, आणि कुंडाच्या ओल्या भिंतीवर बोट फिरवलं की लागणारा हिरवट बुळबुळीत थर. पायरीवर उभी राहून मी जाहीर केलं की सुमारे चारशे कोटी वर्षांपूर्वी अशाच एका कुंडात जीवन सुरू झालं, डार्विनने तसं लिहूनच ठेवलंय, आणि या पाण्याखाली ज्वालामुखीची ऊब आहे.

ज्वालामुखीचा फुगा परतीच्या बसमध्येच फुटला. आमच्या भूगोलाच्या बाई शेजारी येऊन बसल्या आणि मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "अगं, सोहन्याखाली कुठला आलाय ज्वालामुखी? पावसाचंच पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी वर्गात दुरुस्ती करायला हवी होती. केली नाही.

डार्विनची चूक जास्त खोल होती आणि ती कळायला जास्त काळ लागला. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरला त्याने १ फेब्रुवारी १८७१ रोजी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. कोमट पाण्याचं छोटं डबकं, त्यात अमोनिया आणि फॉस्फरसचे क्षार, वर प्रकाश, उष्णता आणि वीज, आणि त्यातून प्रथिनासारखं काहीतरी तयार होणं, ही कल्पना त्यातली. एवढं मला पाठ होतं. मूळ पत्र वाचलं तेव्हा दिसलं की या कल्पनेआधी त्याने भलाथोरला 'जर' घातलेला आहे. आणि त्याच वाक्याच्या उत्तरार्धात तो म्हणतो की असा पदार्थ आज कुठे तयार झालाच, तर तो तत्क्षणी खाल्ला जाईल किंवा शोषला जाईल. सजीव नव्हते तेव्हा तसं झालं नसतं.

म्हणजे ज्या हिरव्या थरावर मुलं बोटं फिरवत होती, तोच माझ्या भाषणाचं खंडन करत होता. तिथले सूक्ष्मजीव पाण्यात येईल ते सेंद्रिय खाऊन टाकतात. वर हवेतला ऑक्सिजन, जो साधारण २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हवेत जवळजवळ नव्हताच, तोही नाजूक रेणू टिकू देत नाही. आजचं गरम कुंड दाखवून आदिम कुंड समजावता येतं. पण 'हे तसं का नाही' हे सांगितलं तरच. मी डार्विनचा 'जर' गाळला आणि वाक्याचा उत्तरार्धही गाळला.

तोच उत्तरार्ध सांगितला असता तर 'मग ते तेव्हा नेमकं कुठे घडलं' हा प्रश्न आला असता आणि मुलांना या विषयातला खरा वाद कळला असता. प्रथिनं बनवायला अमिनो आम्लं एकमेकांना जोडायची तर दर जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. भोवती पाणीच पाणी असताना ते अवघड. म्हणून डेव्हिड डीमर, ब्रूस डेमर यांच्यासारखे संशोधक जमिनीवरच्या गरम कुंडांकडे पाहतात. तिथे पाणी चढतं, आटतं, पुन्हा चढतं. आटताना रेणू दाटीवाटीने जवळ येतात, जोडले जातात. पाणी परत आलं की स्निग्ध रेणूंचे पडदे त्यांना पोटात घेऊन पिशव्या बनवतात. पुण्याच्या आयसरमध्ये सुधा राजमणी यांची प्रयोगशाळा याच ओल्या-सुक्या चक्रांवर आणि पडद्यांवर काम करते. दुसरा गट समुद्रतळाच्या क्षारधर्मी झऱ्यांकडे बोट दाखवतो. अटलांटिकमध्ये २००० साली सापडलेला 'लॉस्ट सिटी' हा तसा झरा. तिथे खडक आणि पाणी यांच्या प्रक्रियेतून हायड्रोजन आयता मिळतो, आणि सच्छिद्र दगडांच्या आत-बाहेर आम्लतेचा फरक तयार होतो. आपल्या पेशी आजही अशाच फरकावर ऊर्जा मिळवतात. कुंडवाले आणि समुद्रवाले यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. माझ्या नववीच्या वर्गात मात्र ते पायरीवरूनच मिटवलं गेलं होतं.

दुसरी चूक मराठी माणसांसमोर झाली. दिल्लीतल्या एका महाराष्ट्र मंडळाने गणेशोत्सवात व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच निवडला : 'जीवाची उत्पत्ती आणि भारत'. श्रोते घरचे, पुढे आरती आणि मोदक, त्यामुळे मी जरा जोरातच सुटले. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ साली आदिम समुद्रातल्या सेंद्रिय रसायनांच्या पातळ गरम काढ्याची कल्पना मांडली. ते १९५७ साली कोलकात्याला आले, भारताचं नागरिकत्व घेतलं, धोतर-कुर्ता घातला, १९६४ साली भुवनेश्वरला वारले. "तेव्हा हा सिद्धांत आपलाच!" टाळ्या पडल्या. हाल्डेन यांनी तो लेख लिहिला तेव्हा ते केंब्रिजला होते, आणि रशियात ओपारिन यांनी १९२४ सालीच तशी मांडणी केलेली होती, हे मी बोललेच नाही.

टाळ्यांनी आणखी चढले. अलाहाबाद विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ कृष्ण बहादूर यांनी १९६० च्या दशकात अमोनियम मॉलिब्डेट, फॉर्माल्डिहाइड, फॉस्फेट आणि इतर क्षार पाण्यात मिसळून उन्हात ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली कडा असलेले गोल कण दिसले. त्यांना त्यांनी 'जीवाणू' हे नाव दिलं. हे कण वाढतात, त्यांना कळ्या फुटतात, त्यांच्यात चयापचयासारख्या क्रिया चालतात, असा त्यांचा आणि एस. रंगनायकी यांचा दावा होता. मी सांगितलं, "पाश्चात्त्यांच्या आधी आपल्या माणसाने चंबूत जीव तयार केला."

प्रश्नोत्तरांत एक काका उठले. खत कारखान्यात केमिस्ट म्हणून आयुष्य काढलेले. अगदी नम्रपणे म्हणाले, "ताई, छान सांगितलंत. पण मग पुढे काय झालं हो त्या कणांचं?"

मला ठाऊक नव्हतं. "दुर्लक्ष झालं, काका. आपल्या लोकांचं असंच होतं," असं म्हणून मी वेळ मारून नेली. सभागृहाने सहानुभूतीने मान हलवली. काकांनी हलवली नाही.

दुर्लक्ष झालेलं नव्हतं. उलट नासाने त्याची दखल घेतली होती. लिंडा कॅरेन आणि मूळचे श्रीलंकेचे सिरिल पोन्नम्पेरुमा यांनी १९६७ साली नासासाठी या प्रयोगांचा आढावा लिहिला. कणांचं नेमकं स्वरूप आणि गुणधर्म अजून स्पष्ट व्हायचे आहेत आणि ते सजीव असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असा त्याचा सूर होता. पुढे विज्ञानाचे इतिहासकार माथियास ग्रोटे यांनी २०११ साली या संशोधनावर पुन्हा लिहिलं आणि विसाव्या शतकातल्या जीवोत्पत्तीच्या संशोधनात त्याची जागा दाखवली. बहादूरांची खरी गोष्ट अशी आहे : साधनं तुटपुंजी, प्रश्न प्रचंड, निरीक्षण चिकाटीचं, निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा. ती गोष्ट माझ्या श्रोत्यांना नक्की आवडली असती. मी त्यांना तिचा पूर्वार्ध दिला आणि उरलेल्या जागी अभिमान भरला.

काकांचा प्रश्न डोक्यात राहिला. मारलेल्या थापेचं परिमार्जन करायच्या नादात तिसरी चूक झाली. बहादूरांनी १९५४ साली 'नेचर'मध्ये एक टिपण प्रसिद्ध केलं होतं : पॅराफॉर्माल्डिहाइड आणि पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणातून सूर्यप्रकाशात अमिनो आम्लं. मला वाटलं, हा तर शाळेत जमण्यासारखा प्रयोग. दिल्लीला ऊन फुकट आहे. पावसाळा सरल्यावर अकरावीची चार-पाच मुलं घेऊन आम्ही द्रावणं बनवली, उत्प्रेरक म्हणून चिमूटभर फेरिक क्लोराइड घातलं आणि चंबूंना बुचं मारून शाळेच्या गच्चीवर ठेवले. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, मुलांच्या हाती ते उघड्यावर द्यायचं नाही, हेही तेव्हा सुचलं नाही. तो दोष वेगळाच.

काही आठवड्यांनी द्रावणाचे थेंब गाळणकागदाच्या पट्ट्यांवर टाकले, वाळवले, त्यावर निनहायड्रिन फवारलं आणि इस्त्रीने शेक दिला. निनहायड्रिन अमिनो आम्लाला भेटलं की जांभळं होतं. पट्ट्यांवर जांभळे ठिपके उमटले. मुलं ओरडली. मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले. विज्ञान प्रदर्शनाचा फलक मनातल्या मनात रंगवायला घेतला.

आमच्या प्रयोगशाळेतले भैया टेबल आवरत होते. त्यांनी एक पट्टी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "मैम, ये तो आपका अँगूठा है।"

होता. पट्टीच्या कडेला जांभळा डाग होता आणि त्यात वर्तुळावर वर्तुळं, अंगठ्याच्या रेषा स्पष्ट. घामात अमिनो आम्लं असतातच. कागदावरचे बोटांचे ठसे उठवायला पोलीस हेच रसायन वापरतात. मी हातमोजे न घालता पट्ट्या कापल्या होत्या. मग एकेक भोक दिसू लागलं. निनहायड्रिन अमोनियानेही जांभळं होतं, आणि गंगेच्या मैदानातली हवा म्हणजे खतं आणि गुराढोरांमुळे जगातल्या सर्वाधिक अमोनियाच्या पट्ट्यांपैकी एक. बुचं सैल. गच्चीवर कबुतरांचा संसार. द्रावणं निर्जंतुक केलेली नव्हती, म्हणजे आत बुरशी किंवा जिवाणू वाढून त्यांचीच अमिनो आम्लं सापडली असण्याची शक्यता पूर्ण. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे, तसाच एक चंबू काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवायला हवा होता, आणि एक नुसत्या पाण्याचा. ऊन पाहिलेला चंबू होता. ऊन न पाहिलेला नव्हताच. तुलनेचा चंबू नसेल तर प्रयोगाला काही अर्थ उरत नाही, हे मी दहावीला दरवर्षी शिकवते.

आमच्या द्रावणात अमिनो आम्लं झाली नसतील असं मी म्हणत नाही. झाली असतील. पण आमच्या पट्ट्यांवरून ते कळण्याची सोय मीच ठेवली नव्हती. या क्षेत्रातल्या प्रयोगाचा निम्मा जीव अशा राखणीत असतो, कारण जे शोधायचं त्याने आपलं जग आधीच भरून गेलेलं आहे. १९५३ साली वायूंमध्ये विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्लं मिळवणाऱ्या स्टॅन्ले मिलर यांनी प्रयोग संपल्यावर द्रावणात पाऱ्याचा क्षार घातला, काही जिवंत वाढू नये म्हणून. पुढे त्यांनी अख्खं उपकरण बंद करून १३० अंशांवर १८ तास तापवलं आणि मग ठिणग्या सोडल्या. तरी अमिनो आम्लं तेवढीच मिळाली. तेव्हा कुठे शंकेखोरांचं तोंड बंद झालं. या १८ तासांबद्दल मी वर्गात कधी बोलले नव्हते.

मिलर यांचं नाव आलंच, तेव्हा चौथी चूक. ही मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती एका विद्यार्थिनीच्या वाट्याला गेली.

बारावीच्या ज्या पुस्तकावरून आम्ही शिकवत होतो त्यात लिहिलं होतं की मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि ८०० अंश सेल्सिअसची पाण्याची वाफ बंद चंबूत घेऊन विजेच्या ठिणग्या सोडल्या. मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये आमचं काम एवढंच, की पुस्तकातली ओळ पोराच्या डोक्यात शब्दशः बसवायची. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग चालू होते. एका मुलीने माइक चालू करून विचारलं, "मैम, ८०० पे तो अमिनो एसिड जल ही जाएँगे ना?"

प्रश्न बिनतोड होता. ग्लायसीन हे सगळ्यात साधं अमिनो आम्ल २३३ अंशांच्या आसपास विघटित होतं. मी रसायनशास्त्रात पदवी घेतलेली. मला हे कळायला हवं होतं, निदान थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "बेटा, पेपर में ८०० ही लिखना है। आगे बढ़ते हैं।" पुढे सरकले.

त्या सप्टेंबरच्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. पर्यायांत ६०० की ८०० अशी फसवणूकही होती. माझ्या मुलांनी ८०० ला खूण केली, चार गुण मिळवले. पालकांचे आभाराचे निरोप आले. त्यात तिचाही होता : "मैम, आ गया ८००. पर मेरा सवाल अब भी वही है."

त्या रात्री मी मिलर यांचा मूळ लेख पहिल्यांदा वाचला. १५ मे १९५३ च्या 'सायन्स'मध्ये तो आला, तेव्हा ते शिकागोला हॅरल्ड युरी यांच्या हाताखाली शिकणारे तेवीस वर्षांचे विद्यार्थी होते. लेख दोन पानांचा. इतकी वर्षं जो प्रयोग शिकवला त्याची दोन पानं मी वाचलेली नव्हती. त्यात ८०० अंश नाहीत. खालच्या चंबूत पाणी उकळतंय, साधं उकळतंय. वाफ वायूंना घेऊन वरच्या मोठ्या चंबूत जाते, तिथे ठिणग्या. आणि मग तो भाग, जो मी फळ्यावर घाईने दोन रेघांत उरकायचे : थंड पाण्याची नळी. वाफ तिथे निवते, थेंब होऊन खालच्या वाकड्या नळीत साचते आणि उकळत्या चंबूत परत येते. वायू पुन्हा वर जातात. अमिनो आम्लं उडून जात नाहीत, ती पाण्यातच राहतात, म्हणून ठिणग्यांच्या तडाख्यात पुन्हा सापडत नाहीत. पोळी झाली की तव्यावरून काढून डब्यात ठेवावी लागते, नाहीतर कोळसा होतो, तसं. त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच ती थंड नळी. मिलर यांच्या रचनेतली सगळी अक्कल तिथे आहे, आणि आकृतीचा तोच अर्धा भाग मी वर्षानुवर्षं उरकत आले होते.

लेखात आणखी एक गोष्ट सापडली. पहिल्या दिवशी पाणी गुलाबी झालं, आठवडा संपता संपता गडद लाल आणि गढूळ. मिलर यांनी पाच अमिनो आम्लांची नावं दिली. त्यातली तीन खात्रीची म्हणून, उरलेली दोन कमी खात्रीची म्हणून, कारण त्यांचे ठिपके फिके होते. माझ्या नोट्समध्ये मात्र 'प्रथिनं बनवणारी सर्व अमिनो आम्लं' असं लिहिलेलं होतं. मिलर २००७ साली वारल्यावर त्यांचे विद्यार्थी जेफ्री बाडा यांच्या हाती मिलर यांनी जपलेल्या जुन्या कुप्या लागल्या. ज्वालामुखीसारखी वाफ सोडणाऱ्या एका वेगळ्या उपकरणातला तो साका होता. २००८ साली नव्या यंत्रांनी त्यात २२ अमिनो आम्लं सापडली. पन्नासेक वर्षं कपाटात पडून राहिलेला उत्तरार्ध.

त्यापुढचा उत्तरार्ध कडू आहे, तोही आता मी सांगते. आदिम हवा मिथेन-अमोनियाने भरलेली नसावी, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची असावी, असं बऱ्याच भूरसायनशास्त्रज्ञांना वाटतं. अशा हवेत मिलर यांची पद्धत फारच थोडा माल देते. उलट अमिनो आम्लं आकाशातूनही येतात : ऑस्ट्रेलियात मर्चिसनला १९६९ साली पडलेल्या अशनीत ती होती, बेनू या लघुग्रहावरून आणलेल्या धुळीत, २०२५ साली जाहीर झाल्याप्रमाणे, सजीव वापरतात त्या वीसपैकी चौदा सापडली आणि डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक. म्हणजे कच्चा माल मिळणं हा आता मोठा प्रश्न राहिलेला नाही. खरी गाठ पुढे आहे. बेनूवरची अमिनो आम्लं डावी आणि उजवी सारखीच आहेत, सजीव मात्र जवळजवळ फक्त डावी वापरतात; ही निवड कधी आणि कशी झाली? स्वतःची प्रत काढणारा पहिला रेणू कोणता? तो आरएनए होता, तर पाण्यात इतक्या सहज तुटणारी ती साखळी टिकली कशी? पडदा आधी की साखळी आधी? 'अमिनो आम्लं झाली, मग पेशी झाली' असं म्हणत मी ज्या दोन शब्दांमधून उडी मारत होते, त्या दोन शब्दांमध्येच हे सगळं शास्त्र राहतं.

माझ्या चुकांची जात ती हीच. कुठलीही गोष्ट जिथे अवघड होऊ लागते, तिथे मी ती कापत होते, आणि मग उरलेला सोपा तुकडा पूर्ण गोष्ट म्हणून विकत होते. डार्विनचा 'जर', नासाचा आढावा, अंधारातला चंबू, थंड पाण्याची नळी : कापलेल्या प्रत्येक तुकड्यात कुणाची तरी शंका होती. मी मुलांचा वेळ वाचवतेय असं मला वाटायचं. वाचत होती ती माझी अब्रू, कारण शंका सांगितली की पुढचा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर बहुधा माझ्याकडे नसतं.

त्या मुलीला मी लेख पाठवला, चूक कबूल केली, थंड नळीचं सगळं समजावून लिहिलं. तिचं उत्तर आलं : "थैंक यू मैम. तो बाकी बच्चों को भी बता दीजिए." ते अर्ध्यावर जमलंय. आता मी आकृती काढताना सुरुवात नळीपासून करते, पाणी शंभर अंशांवर उकळत होतं हे सांगते, आणि त्याच तासाला हेही सांगते की पेपरात तसा प्रश्न आला तर ८०० ला खूण करा. चार गुणांनी सीट जाते, आणि ती जबाबदारी घेण्याची माझी तयारी नाही. ही पाचवी चूक आहे. ती मी जाणून-बुजून करते, आणि ती कशी सुधारावी याचं उत्तर मला सापडलेलं नाही.